दोघींचं पुस्तक

कामोठे गावातली सुगंधा लेकीला, मनस्वीला घेऊन नवीन पनवेलच्या पुस्तकांच्या दुकानात आली. मनस्वी इंग्रजी शाळेत पहिलीला होती. तिला एबीसीडी तोंडपाठ होती, पण एकही शब्द वाचता येत नव्हता.

दुकानाच्या मालकीण रेबेकाबाई पूर्वी शिक्षिका होत्या. त्यांनी फोनिक्सची, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवणारी, दोन पुस्तकं समोर ठेवली, एक जाडजूड आणि चकचकीत, दुसरं अगदी पातळ.

"जाडं चांगलं आसंल ना?" सुगंधाने विचारलं.

"घरी हिच्यासोबत कोण बसणार?"

सुगंधाची मान खाली गेली. "मीच. पन मना एबीसीडीपुढं इंग्रजी येत नाय."

"मग दोघी बरोबरच शिका." रेबेकाबाईंनी पातळ पुस्तक उघडलं. "अक्षराचं नाव नाही घ्यायचं, आवाज काढायचा. क्, ॲ, ट्."

सुगंधा अडखळत म्हणाली, "क्... ॲ... ट्."

"कॅट! आई, मांजर!" मनस्वी ओरडली. मग तिने आईचं बोट धरून खालच्या शब्दावर ठेवलं. "आता हा तू वाच."

सुगंधाने आवाज जुळवले, पुन्हा जुळवले. "मॅट?"

रेबेकाबाईंनी मान डोलावली. सुगंधा लाजून हसली आणि तिने पुढचं पान उलटलं.