खाली न टेकणारा पेला

मी एक जुना पेला आहे, बैलाच्या शिंगाचा. काखेती नावाच्या द्राक्षमळ्यांच्या प्रांतातल्या एका कारागिराने मला उकळलं, घासलं आणि ओठाला चांदीची कड बसवली. माझं बूड टोकदार. वाइन संपल्याशिवाय मला टेबलावर ठेवायची सोय नाही. ज्याच्या हाती मी, त्याने आधी बोलायचं नि मग प्यायचं.

मित्रांनो, भाषणं मी किती ऐकली म्हणून सांगू! मेजवानीचे तमादा, म्हणजे सूत्रधार, एलगुजाकाका. उपमा त्यांच्या जिभेवरच बसलेली. अतिशयोक्तीला तर धरबंधच नाही. नवरीच्या आजोळच्या कोंबड्यासुद्धा त्यांना गरुडासारख्या दिसायच्या. मी त्या अलंकारांवर जाम खूश असे.

मग सियुरीच्या मुलीचं लग्न आलं. सियुरीचे दोन भाऊ, झुराब आणि नोदार. आईच्या दफनाला नोदार उशिरा पोहोचला, तेव्हापासून झुराबने त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

"काका, आज नाही बोलले तर हे दोघे कधीच बोलायचे नाहीत. काहीतरी करा हो," सियुरी रडवेली होऊन म्हणाली.

काकांनी नवरीला चंद्र केलं, डोंगरांना वऱ्हाडी केलं. टेबल हसलं, पण दोघे भाऊ आपापल्या ताटात बघत राहिले. मग ठरल्या क्रमाने, वारलेल्या माणसांच्या नावाने पिण्याची पाळी आली. काका एवढंच म्हणाले, "यांच्या आईसाठी. अलावेर्दी, झुराब." आणि मला त्याच्या हातात दिलं. अलावेर्दी म्हणजे पुढच्याकडे सोपवलेली बोलण्याची पाळी; ती मिळाली की त्याच विषयावर बोलावं लागतं, टाळता येत नाही.

झुराबने मला खाली ठेवायला टेबलाकडे नेलं. मी भरलेलाच, ठेवणार कुठे?

"चुर्चखेलाच्या गोड माळेसाठी अक्रोड ओवताना आई सुई मला द्यायची, दोरा नोदारला," तो म्हणाला. "दोन वर्षं माझी सुई रिकामी आहे." त्याने मला रिकामं केलं, पुन्हा भरवून घेतलं आणि मला भावापुढे धरलं. "अलावेर्दी, नोद्या."

नोदारने मला घाईघाईने घेतलं. माझ्यातली वाइन त्याच्या बाहीवर सांडली.

"दोरा आहे रे दादा माझ्याकडे. रस्ता बर्फाने बंद होता. तू विचारलंच नाहीस."

सियुरी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून रडली. तेव्हा मला काकांचं कसब कळलं. आधी सगळ्यांना हसवून मऊ केलं, मग आईचं नाव काढलं, आणि नेमक्या वेळी स्वतः गप्प बसले.

आता मी भिंतीवर टांगलेला असतो. लोकांना काचेचे ग्लास सोयीचे वाटतात, चटकन खाली ठेवता येतात. मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणाशी अबोला धरला असेल, तर मला एकदा खाली काढा, भरा आणि त्याच्या हातात द्या.