न वाजणारं घर

मिस्त्रींच्या हाती तो तेलाच्या स्प्रेचा डबा लागला आणि घराची शांतता सुरू झाली. आणला होता गंजलेली कडी सोडवायला. कडी सुटली आणि मिस्त्रीही सुटले. जॅकेटची अडकलेली चेन, बरणीवरच्या लेबलाचा चिकटा, नातीने भिंतीवर ओढलेल्या मेणखडूच्या रेघा, एकात एक रुतून बसलेले काचेचे पेले, बुटाच्या तळाला लागलेलं च्युइंगम, जिथे तिथे फुस्स! जन्मभर कारखान्यातली यंत्रं दुरुस्त केलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला की हेच होणार. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. शेजारणीसुद्धा जाम झालेली कुलपं घेऊन दारात उभ्या राहू लागल्या.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्याच सुमाराला डॉक्टरांनी त्यांच्या बायकोचे डोळे तपासून सांगितलं की उरलीये तेवढी नजरही जाणार, आणि गेलेली परत येणार नाही. मिस्त्री बाहेर जिन्यात जाऊन रडले. बाईंनी ते रडणं दाराआडून ऐकलं, पण कधी बोलून दाखवलं नाही.

ऐकण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या, आणि समोरचा माणूस ‘हॅलो’ म्हणायच्या आधी नुसत्या श्वासावरून त्याला ओळखायच्या. नजर गेली तसे हे कान कामी आले. स्वयंपाकघराचं दार लांबलचक किर्र करायचं. कपाट उघडताना जाड कुरकुरायचं, मिटताना बारीक. न्हाणीघराची कडी खडखडायची. आणि मिस्त्रींची डुलती खुर्ची तर ते बसले की एक बोलायची, उठले की दुसरं. एवढ्यावर बाई घरभर बिनधास्त वावरायच्या, कुणाचा हात न धरता.

डोळ्यांचं काही करता येईना म्हणून मिस्त्रींनी बिजागऱ्या धरल्या. दुधाची तहान ताकावर! कधीकाळी, लेक तान्ही असताना, बाई वैतागून म्हणाल्या होत्या, “या किरकिरीनं डोकं उठतं माझं.” बायको जन्मभर शंभर गोष्टी सांगते आणि नवरा नेमकी हीच लक्षात ठेवतो.

आधी स्वयंपाकघराचं दार गप्प झालं, मग न्हाणीघराची कडी. कपाट गप्प झालं त्याच दिवशी बाई त्याच्या उघड्या दारावर जाऊन आदळल्या. कपाळाला टेंगूळ आलं.

“फार लागलं का गं?” मिस्त्री कळवळून म्हणाले.

“नाही हो.”

“दार जड झालंय, त्यानं लागलं. थांब, अजून थोडं मारतो.”

बाईंनी टेंगूळ चोळलं.

लेकीला मात्र फोनवर बाईंनी सगळं सांगितलं. ती चिडलीच. “आई, बाबांना स्पष्ट सांग ना! नाहीतर मी सांगते.”

“तू नको. मी सांगते.”

पण सांगायचं कसं? जिन्यात रडलेला तो माणूस आता काम करताना शीळ घालत होता. डबा हलवायचा, मारायचा, फडक्याने पुसायचा आणि विचारायचा, “आता येतो का गं आवाज?” बाई म्हणायच्या, “नाही हो, अजिबात नाही.” त्यांना घर हवं होतं आणि ती शीळही हवी होती. दोन्ही मिळायची नव्हती.

मग खुर्चीही गप्प झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर मिस्त्री म्हणाले, “बसतो जरा.” खुर्चीकडून तेलाचा उग्र वास येत होता. बाई बराच वेळ मनाची तयारी करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “अहो, रागावू नका. पण आता पुरे करा. त्या आवाजांवरच मी चालत होते हो. तुम्ही कुठे आहात, दार उघडंय की लावलेलं, सगळं त्यांच्यावरून कळायचं. आता मला माझ्याच घरात भीती वाटते. तुमचं चुकलं नाही, मीच वेळेवर बोलले नाही. माझ्यासाठी करताय ते कळतं मला. पण मी दुसऱ्यांदा आंधळी झालेय.”

मिस्त्री काही बोलले नाहीत. रडत असतील, असं वाटून बाईंनी हात पुढे केला. खुर्चीचा दांडा हाताला लागला, मग बैठक. बैठक गार होती.

तेवढ्यात खाली जिन्यात करकर वाजली. मिस्त्रींचे बाहेर घालायचे बूट. वाजणारं तेवढंच एक उरलं होतं. करकर वर आली, दाराबाहेर थांबली. मग बूट निघाले असावेत, काहीच ऐकू येईना. आणि एकदम अगदी जवळून आवाज आला, “डबा संपला होता, नवा आणला. तुझा डोळा लागला असेल म्हणून हाक मारली नाही, बूटही खाली जाऊन घातले. जिन्यात तुझा आवाज आला, एकटीच बोलत होतीस का गं?”

सगळं पुन्हा सांगायला बाईंनी तोंड उघडलं. तोच मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, “तुझ्या डोळ्यांचं माझ्याच्यानं काही झालं नाही बघ. निदान हे तरी.”

असं धीर एकवटून बोलणं एकदाच जमतं. ते बाईंनी रिकाम्या खुर्चीवर खर्च करून टाकलं होतं.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “सहज.”

मिस्त्रींनी डबा खडखड हलवला. “आता हे बूट तेवढे राहिलेत.” फुस्स. पुन्हा फुस्स. बूट घालून ते दोन पावलं चालून आले असावेत, कारण त्यांचा आवाज आता दुसरीकडून आला आणि कितीतरी दिवसांनी त्यात अभिमान होता.

“बघ, आता मी आलो-गेलो तरी तुला कळायचंसुद्धा नाही.”

“हो,” बाई म्हणाल्या, आणि आवाजाच्या रोखाने त्यांनी हात लांब केला. तिथे कुणी नव्हतं.