चतुर्दशीची चढण

"आवं, बसा म्हणते न्हवं! दरीत जाल!"

चंदनबालानं नवऱ्याचा दंड धरला आणि ती चरकली. सदरा ओलागार होता. डोंगरमाथ्यावर वारा असा झोंबत होता की तिनं पदर कानांवरून गच्च ओढून घेतलेला, आणि ह्या माणसाला घामाच्या धारा! महावीरअण्णा मटकन वाटेतच बसले.

"दुकान कुणी उघडलं गं?" त्यांनी विचारलं.

तिनं वाकून त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. विश्रामबागेतलं कुकर-शेगड्या दुरुस्तीचं त्यांचं दुकान बंद होऊन वर्षं लोटली होती.

लग्नापासून तिनं महाबळेश्वरचा जप लावला होता, पण आधी दुकान आडवं यायचं, मग आणखी काही ना काही. यंदा अण्णा आपणहून म्हणाले, "चल." जंगलातनं पठारावर चालत जायचं, दऱ्या बघायच्या, संध्याकाळच्या आत खाली. सकाळपासून ही बाई पोरीसारखी पुढं पळत होती. नवरा मागं का रेंगाळतोय हे बघायला तिला फुरसत कुठली!

"सकाळी खाल्लं का न्हाई तुमी?"

"आज चौदस हाय. उपास," अण्णा जड जिभेनं म्हणाले.

अरे देवा! गावाबाहेर पडल्यावर तिला तिथीचं भानच राहिलं नव्हतं. हॉटेलात ती पोह्यांवर ताव मारत होती तेव्हा "माझं उरकलंय" म्हणाले होते. तिचा हिरमोड नको म्हणून ह्या सरळ माणसानं चक्क थाप मारली होती.

"आन् साखरेच्या आजाराची गोळी?"

"घेतली की. गोळी म्हंजे काय जेवण हाय?"

एवढं बोलून त्यांची मान कलली. दशम्यांचा डबा खाली टॅक्सीत. फोनला रेंज नाही. "कुणी हाय का वं?" ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

पुढच्या वळणावर रानमेव्याची टोपली घेऊन विकायला बसलेली बनुबाई नावाची बाई धावत आली. अण्णांचा हात तिनं चाचपला.

"साखर उतरलीया ह्यांची. आमच्या मालकांचंबी असंच हुतंय." तिनं टोपलीतली बाटली उघडली. "बोटानं हिरड्यांला चोळा. मध हाय."

चंदनबालानं हात मागं घेतला. मध! माश्यांच्या जिवावरचा म्हणून त्यांच्या जैन घरात औषधातूनसुद्धा तो कधी कुणाच्या जिभेला लागला नव्हता.

"साखर न्हाई? गुळाचा खडा?"

"न्हाई वं ताई. शेंगा हायत्या, पर चावणार कसं ते?"

'मध' हा शब्द अण्णांच्या कानावर गेला असावा. त्यांनी दात आवळले, तोंड फिरवलं. ओठ पांढरे पडले होते. हा माणूस इथंच, ह्या दगडांत जाणार, आपल्या हौसेपायी जाणार, ह्या भीतीनं तिनं बाटली हिसकावून घेतली.

"तुमचं पाप माझ्या माथी!" ती किंचाळली. "उघडा तोंड!"

गाल दाबून तिनं बोट आत घातलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. ओठांवर णमोकार मंत्र, बोटावर मध, आणि डोळे नवऱ्याच्या छातीवर. ती हलतेय ना? बनुबाई टॅक्सीवाल्याला बोलवायला खाली पळाली. मग त्या माथ्यावर दोघंच उरली. चंदनबालाला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

बऱ्याच वेळानं घाम थांबला. अण्णांनी डोळे उघडले, तिला ओळखलं. ओठांवरून जीभ फिरवली आणि ते थबकले.

"काय दिलंस?"

साखर म्हणाली असती तर खपून गेलं असतं.

"मध."

अण्णा चिडले असते तरी बरं वाटलं असतं तिला. त्यांनी आपली उकळलेल्या पाण्याची बाटली ओढून घेतली.

"हात पुढं कर."

थोडं थोडं पाणी घालून ते तिची बोटं धुऊ लागले.

"असाच ऱ्हायला तर मुंग्या लागतील. नकळत चिरडशील कुठंतरी."

तिला हुंदका आवरेना. "आन् तुमचा उपास?"

"मोडला," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी तिचं पुढचं बोट हातात घेतलं.