खोडणारं बटण

मामांनी पुन्हा एकदा आपलं नाव टाईप केलं आणि पुन्हा एकदा ते त्यांच्या डोळ्यांदेखत उलट्या पावली पळून गेलं. लॅपटॉपचं बॅकस्पेसचं बटण जे खाली बसलं होतं, ते वर यायचं नाव घेईना. लिहिलेलं खोडायचं बटण ते. आता कुणी न सांगता एकटंच खोडत सुटलं होतं.

"अगं ए, जरा इकडे येतेस का?"

मामी पलीकडच्या खोलीत शिलाई मशीनवर होत्या. हाकेतला गोडवा ऐकूनच त्यांनी पाय थांबवला. नवरा गोड बोलायला लागला की काहीतरी निस्तरायचं असतं, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. मामांचा हातगुणच तसा! गळका नळ घट्ट करायला जावं आणि मोरीचं तळं करून यावं. जन्मभर हेडक्लार्क होते म्हणून बरं, प्लंबर असते तर गाव बुडालं असतं.

"काय खात होतात इथे बसून?" मामींनी पहिला प्रश्न बरोबर मर्मावर टाकला.

"बिस्किट. साखरेचं. पण अर्धंच हो!"

"अर्धं तुमच्या पोटात, अर्धं याच्या. डॉक्टरांनी दोघांनाही गोड बंद करायला हवं होतं."

एरवी मामा हसले असते. पण लॅपटॉप भाचीचा होता आणि दुपारी तीनला तिची परीक्षा होती. परगावच्या मोठ्या कंपनीतली नोकरी, त्यासाठी घरी बसून द्यायचा लेखी पेपर. परीक्षेचं सगळं याच लॅपटॉपवर नोंदवलेलं, त्यामुळे शेजाऱ्यांचा मागून आणायचीही सोय नव्हती. ती ओळखपत्राची झेरॉक्स काढायला गेली होती, तेवढ्यात मामा बातम्या वाचायला बसले होते.

मामींनी बटणाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू? मुद्दाम नाही ना केलंत?"

"काहीतरीच काय बोलतेस!" मामा कडाडले. मुद्दाम केलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण अक्षरं पळायला लागली तेव्हा पोटात कुठेतरी 'बरं झालं' असं वाटून गेलं होतं. क्षणभरच. तरी वाटलं होतं ना? त्या वाटण्याची त्यांना आता मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

"टॉर्च धर," ते म्हणाले. "आणि बोलू नकोस."

लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला. उलटा धरून, तान्ह्या बाळाला ढेकर काढायला थोपटतात तसा थोपटला. साखरेचे दोन कण पडले. मामींनी मशीन साफ करायचा बारीक ब्रश आणून दिला, तो बटणाच्या कडेकडेने फिरवला. बटण जरासं वर आलं आणि आजारी माणसासारखं परत निजलं. म्हणजे उचलूनच काढायला हवं होतं. मामांनी एका जुन्या कार्डाचा कोपरा खाली सरकवला, जीव मुठीत धरून दाबला. टक्! बटण निघालं, आणि खालची प्लास्टिकची नखाएवढी क्लिप उडून कुठल्या कुठे गेली.

"झालं समाधान?" मामी म्हणाल्या.

दोघंही जमिनीवर रांगत क्लिप शोधत होती, तेव्हाच दार उघडलं.

"मामा? मामी? काय हरवलं?"

भाचीचं लक्ष टेबलाकडे गेलं. लॅपटॉपच्या तोंडातला एक दात पडल्यासारखा दिसत होता.

मामा गुडघ्यांवर हात टेकून उठले. आता लपवण्यात काय अर्थ? "बबडे, मी बिघडवलं ते. बिस्किट खात होतो. आणि खरं सांगू? बिघडलं तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, आता पोरगी कुठे जात नाही. असा मामा कुणाला मिळू नये."

ती खुर्चीत बसली. "ते बटण कालपासून अडकतंय मामा."

"कालपासून?"

"मला माहीत होतं. मी कुणाला बोललेच नाही. म्हटलं, नाही चाललं तर नाही चाललं. जावं तर लागणार नाही." तिने हातातली झेरॉक्स टेबलावर ठेवली. "आई गेल्यावर तुम्ही दोघांनी मला आणलंत, शिकवलंत. आता तुमची गुडघेदुखी सुरू झाली आणि मी बॅग भरून निघू? कशी फेडू मी हे?"

"ऐकलंस?" मामा बायकोकडे वळले. "ही फेडणार म्हणे!" मग पोरीसमोर स्टूल ओढून बसले. "अगं, तू यायच्या आधी हे घर कसं होतं, तुला काय ठाऊक? दोन माणसं, दोन ताटं, आणि आठ वाजता दिवे बंद. भांडायलासुद्धा विषय नसायचा. तू आलीस आणि पहिल्याच आठवड्यात भिंतीवर रेघोट्या मारल्यास. तुझी मामी खोलीत जाऊन रडली, आनंदाने. आम्ही तुला वाढवलं असं लोक म्हणतात. म्हणू देत. उपकार झाले ते आमच्यावर. फेडायचे आम्हाला आहेत, आणि आज कुठे संधी आलीय. ती तूही घालवू नकोस, मीही घालवत नाही."

"सापडली!" मामी टेबलाखालून ओरडल्या. क्लिप दोऱ्यांच्या गुंत्यात अडकली होती. त्यांनी डोळे पुसले ते पदरानेच, पण क्लिप काही हातातून सोडली नाही.

कापसाची काडी स्पिरिटमध्ये जराशी बुडवून मामांनी खालची चिकट साखर पुसली, जागा कोरडी होऊ दिली. मामींनी क्लिप बसवली, भाचीने बटणाखालची बारीक तार खाचेत अडकवली, मामांनी वरून अंगठा दाबला. टिक. तिघांनीही धरलेला श्वास सोडला.

"लिहून बघ काहीतरी," मामा म्हणाले.

लॅपटॉप सुरू झाला. तिने लिहिलं, 'मला जायचं नाही'. अक्षरं जागची हलली नाहीत. तिघंही ती ओळ बघत राहिली. मग तिने स्वतःच्या बोटाने बॅकस्पेस दाबलं. ती एकेक अक्षर पुसत गेली, आणि बटण दर वेळी वर येत गेलं.

"चालतंय मामा."

"मग बस पेपरला. मी दारात आहे, चिटपाखरू फिरकू देत नाही."

मामांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकली. आतून टाईप करण्याचा आवाज येऊ लागला, न अडखळता. ती एवढीशी असताना या घरात आली, त्या दिवशी धांदलीत देवाचे आभार मानायचे राहून गेले होते. ते त्यांनी तिथे बसून, डोळे मिटून, सावकाश मानले.