दगडाच्या डोळ्याचं पाणी

गुरुवारी सकाळी बुद्धखाणीत पाय ठेवायला जागा नसे. होटगीच्या पुढच्या माळावर टमटम, छोटे हत्ती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेड्यावाकड्या उभ्या असत. ज्यांचे डोळे अधू होते ते आलेले असतच, ज्यांचे चांगले होते तेही येत, कारण अधू माणसाला धरून आणायला कुणीतरी लागतंच. हातात प्लॅस्टिकच्या बाटल्या, बाटल्यांची झाकणं उघडी, आणि सगळ्यांच्या माना वर.

वर काळ्या कातळात कोरलेला बुद्ध बसला होता. दगडाची खाण बंद पडली तेव्हा पंचक्रोशीतल्या बौद्ध वस्त्यांनी वर्गणी काढून त्या उघड्या कड्यात ही मूर्ती कोरून घेतली. कित्येक वर्षं छिन्नी चालली. मिटत आलेले डोळे, ओठांवर आहे की नाही असं हसू. लोक यायचे, पायाशी बसायचे, डबा खायचे, थोडे शांत होऊन परत जायचे. मूर्तीकडं कुणी काही मागत नव्हतं आणि मूर्तीही कुणाला काही देत नव्हती. बरं चाललं होतं.

मग मूर्ती रडायला लागली.

"आलं बगा, आलं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. दोन्ही दगडी पापण्यांखालून ओल फुटली, गालांवरून काळी रेघ खाली उतरली आणि हनुवटीवरून थेंब पडू लागले. खाली पितळेची घंगाळं मांडलेली होती. घंगाळांमागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर करुणानंद महाराज बसले होते, हातात माईक.

"हा दगड न्हाय," महाराज म्हणाले, "ही करुणेची हार्ड डिस्क हाय. अडीच हजार वर्सांचा डेटा हाय हिच्यात. भगवंतांच्या डोळ्यात अश्रू, भक्ताच्या डोळ्यात ज्योती. मोतीबिंदू विरघळतो, काचबिंदू वितळतो, आनि चष्मा आपसूक गळून पडतो. फकस्त एक पथ्य. एका डोळ्याला दोन वैद्य चालत न्हायत. डॉक्टरचं औषध घालायचं असंल तर हितं येऊ नका."

महाराज पूर्वी पाणाड्या होते. तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरायचे, नारळ उभा राहिला की तिथं बोअर घ्यायला सांगायचे. पाणी लागलं तर नारळाची कृपा, नाही लागलं तर शेतकऱ्याचं कर्म. हे लोकांना ठाऊक होतं. उलट त्यामुळं विश्वास वाढला होता. जमिनीतलं पाणी ओळखणारा माणूस डोळ्यातलं ओळखणार नाही का, असा हिशेब होता.

महाराजांच्या डाव्या हाताला मोठा फ्लेक्स होता. त्यावर हात जोडून, डोळे मिटून उभ्या असलेल्या एका गृहस्थांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरं: 'विज्ञानाचे प्राध्यापकही नतमस्तक'.

ते गृहस्थ म्हणजे सिद्धराम सर. सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे.

सरांचं म्हणणं असं की ते नतमस्तक नव्हतेच. पहिल्यांदा आईला, राजाबाईंना, घेऊन आले तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, आईनंही जोडले. एकट्यानं हात खिशात ठेवून उभं राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनीही जोडले. डोळे उन्हामुळं मिटले होते. पण फ्लेक्सवर ऊन दिसत नाही. तो लागल्यापासून खाणीच्या वाटेवर अनोळखी माणसं वाकून नमस्कार करू लागली, आणि सरांना फ्लेक्स काढायला सांगायला सवड होईना.

मूर्ती कोरून घेणाऱ्या वस्त्यांच्या मूर्ती समितीतली दोन माणसं एकदा सरांच्या घरी येऊन गेली होती. "सर, तुमी तरी बोला. ज्यानं इचार करायला सांगितला त्याला हितं रडवत बसल्यात. आमी बोललो तर तुमचाच फोटो दाखवतेत." सर म्हणाले होते, श्रद्धेचा विषय नाजूक असतो. चहा पाजून पाठवलं होतं.

राजाबाईंना काचबिंदू होता. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, नाहीतर नजर जाईल, असं डॉक्टरनं बजावलेलं. महाराजांचं पथ्य ऐकल्यापासून थेंबांची बाटली फळीवर पडून होती. सर शनिवार-रविवारी गावी जायचे, बाटली दिसायची.

"आई, थेंब घालतेस ना?"

"घालती की," राजाबाई म्हणायच्या. कुठले थेंब, हे सरांनीही विचारलं नाही आणि राजाबाईंनीही सांगितलं नाही.

उजवा डोळा लाल झाला. महाराज म्हणाले, विकार बाहेर पडतोय. मग डोळ्यातून घाण यायला लागली. महाराज म्हणाले, विकार जोरात बाहेर पडतोय. मग एका बुधवारी राजाबाईंना घरातला उंबरा दिसला नाही आणि त्या पडल्या. तेव्हा सर गावी धावले आणि त्यांना गाडीत घालून त्यांनी सोलापूर गाठलं.

डोळ्यांची डॉक्टर प्रियदर्शनी ही सरांचीच विद्यार्थिनी. होटगीच्या वस्तीतली, वडील मूर्ती समितीत. अकरावीत असताना पहिल्या बाकावर बसायची आणि फार प्रश्न विचारायची. आता ती राजाबाईंशी बोलत होती, सरांशी नाही.

"आजी, डोळ्यात काय घालत होता?"

"देवाचं पानी."

प्रियदर्शनीनं नारिंगी टोकाची एक कागदी पट्टी काढली, डोळ्याच्या कडेला टेकवली आणि निळा दिवा लावला. बुबुळाच्या मधोमध हिरवागार डाग चमकला.

"ही जखम आहे सर. जिथं साल निघालंय तिथं हा रंग धरतो. घाण पाण्यातनं आलंय हे. आणि दोन्ही डोळ्यांचं प्रेशर भरमसाट वाढलंय, औषध बंद केल्यामुळं." तिनं दिवा बंद केला. "तुमचा फोटो दाखवून माझ्या बाबांना गप्प बसवलं तिथं. मला वाटलं होतं तो फोटो कुणीतरी कॉम्प्युटरवर जुळवलाय."

एवढ्यात सरांचा फोन वाजला. धाकटा भाऊ जोतीराम, शेती आणि मेंढरं तो बघायचा.

"दादा, आय कशी हाय? हां... हितं काळजी करू नगो. आज आपल्या शेतीच्या फीडरला लाईट आली, मोटर लावून तळं काठोकाठ भरून घेतलं. परत उतरतंय का बगू. करुणानंद म्हाराजांचाबी फोन आलता, लाईट आली का म्हणून. दर आठवड्याला इचारत्यात. लई काळजी हाय त्येंना शेतकऱ्याची."

सरांनी फोन खाली ठेवला. महाराजांना जोतीरामच्या मोटरशी काय घेणंदेणं?

उत्तर त्यांना ठाऊक होतं. फक्त प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता.

बुद्धखाणीच्या कड्याच्या वर, पाठीमागच्या बाजूला, त्यांचंच रान होतं. रानात त्यांचंच शेततळं, सरकारी योजनेतलं, काळ्या प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं. ते तळं भरलं की एका रात्रीत हातभर उतरायचं आणि मग तिथंच थांबायचं. जोतीराम म्हणायचा उन्हानं आटतंय. रात्री कसलं ऊन, हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी कधी विचारलं नाही. त्यांनी ठेकेदाराच्या नावानं तक्रार केली आणि मोकळे झाले.

"हा रंग," त्यांनी त्या कागदी पट्टीकडं बोट केलं, "फ्लुओरेसिन ना? आमच्या प्रयोगशाळेत बरणी आहे."

"असणारच," प्रियदर्शनी म्हणाली. "धरणाची गळती शोधायलाही हाच वापरतात. तुम्हीच शिकवलंय."

संध्याकाळ व्हायच्या आत सर रानात पोचले. तळ्याच्या पूर्वेच्या उतारावर, काठापासून हातभर खाली, प्लॅस्टिकला ओळीनं चिरा पडलेल्या होत्या. बारीक, जोडीजोडीनं. मेंढीच्या खुराच्या.

"जोती, मेंढरं तळ्यात उतरवतोस?"

"लोकर कातरायच्या आदी धुवायला नगो?" जोतीराम म्हणाला. "आबा वड्यावर धूत हुते. वड्याला पानी कुटं हाय आता. म्हणून हितं उतरवतो, एका अंगानं. का?"

सरांनी 'का' सांगितलं नाही. त्यांनी प्रयोगशाळेतून आणलेल्या बरणीतली नारिंगी पूड बादलीत कालवली आणि चिरांपाशी हळूहळू सोडली. पाणी पोपटी हिरवं झालं आणि चिरांकडं ओढलं जाऊ लागलं. जोतीराम बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. महाराज माईक हातात घेणार तोच सिद्धराम सर पुढं आले. गर्दीनं त्यांना फ्लेक्सवरून ओळखलं आणि वाट करून दिली. महाराज खूश झाले. "या सर, दोन शब्द बोला. विज्ञान बोलू द्या."

सरांनी माईक घेतला.

"आज मूर्तीच्या डोळ्यातनं हिरवं पाणी येईल," ते म्हणाले. "मी आधीच सांगून ठेवतोय. कारण काल संध्याकाळी तो रंग मी टाकलाय, माझ्या शेततळ्यात. या कड्याच्या वर. हे अश्रू नाहीत. हे माझ्या तळ्याचं पाणी आहे, आणि त्या तळ्यात आम्ही मेंढ्या धुतो."

खाणीत एवढी शांतता पसरली की घंगाळात पडलेला पहिला थेंब ऐकू आला. लोकांनी वर पाहिलं. दगडी गालांवर सकाळच्या उन्हात पोपटी हिरव्या दोन रेघा चमकत होत्या.

महाराज कसलेले होते. "भगवंतांनी हिरवा कंदील दाखवला," ते दुसऱ्या माईकवरून म्हणाले. "हरित क्रांतीचा संदेश हाय हा."

"म्हाराज," मागून एक म्हातारा म्हणाला, "सरांनी आदी सांगितलं हिरवं यील म्हणून. देवानं तुमाला का न्हाय सांगितलं?"

"गुरुवारीच का रडतात भगवंत?" सरांनी विचारलं. "आमच्या फीडरला बुधवारी लाईट असते, बुधवारी तळं भरतं. पाणी फाटक्या जागेच्या वर गेलं की रात्रभर मुरतं. खालच्या कातळात लाल मातीचा पातळ थर आहे, मूर्तीच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर. मुरलेलं पाणी त्या थरावर थांबतं आणि जिथं सगळ्यात खोल कोरलंय तिथनं बाहेर येतं. डोळे सगळ्यात खोल कोरलेत. पाणी चिरांच्या खाली उतरलं की रडणं बंद. मागल्या महिन्यात लाईटची पाळी बदलली तेव्हा भगवंत शुक्रवारी रडले होते. आठवतंय?"

"तवा म्हाराज म्हणले, गुरुवारच्या गर्दीत पापी लई हुते," एक बाई म्हणाली.

"पाळी बदलल्याली मीच सांगितलं हुतं म्हाराजांना," जोतीराम गर्दीतून साध्या सरळ आवाजात म्हणाला. "फोन करून इचारलं हुतं त्येंनी, लाईट कवा हाय म्हणून. म्हाराज, तुमीच की. कालबी इचारलं न्हवं का?"

महाराजांनी फोन खिशातून काढला, कानाला लावला आणि "रेंज न्हाय हितं" म्हणत रेंज शोधत गेले. ते सापडल्याचं ऐकिवात नाही.

कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. एका तरुण बाईनं कडेवरच्या मुलीचे डोळे पदरानं पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, जणू आजवर घातलेलं सगळं पाणी पुसून निघेल. एका माणसानं बाटली उपडी केली. "सर, मेंढरांचं पुन्य तर पदरात पडलं की," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. सरांकडं बघत लोक निघून गेले. त्या बघण्यात राग असता तर सरांना सोपं गेलं असतं.

प्रियदर्शनीनं राजाबाईंचा डावा डोळा बराचसा वाचवला. उजव्याच्या बुबुळावर पांढरं फूल पडलं, ते कायमचं. पट्टी सुटली त्या दिवशी सर कॉटच्या कडेला बसले आणि त्यांनी आईला सगळं सांगितलं. तळं, खुरांच्या चिरा, लाल थर, लाईट. मेंढ्यांचंही सांगितलं.

राजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते खोटं हाय म्हणून तुला कवा कळलं?"

"पाणी कुठलं ते त्या बुधवारी कळलं."

"पान्याचं न्हाय इचारत. खोटं हाय म्हणून."

"पहिल्याच दिवशी," सर म्हणाले.

"मग हात कशाला जोडलंस?" राजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मला दगडाचं काय कळतंय बाबा. म्हाराजांचंबी काय कळत न्हवतं. मी तुझ्याकडं बगितलं. म्हणलं, माझं लेकरू एवढं शिकलंय, त्यानं हात जोडले म्हणजे असंल कायतरी. म्हणून मी डोळा उघडला."

वाचणाऱ्यानं एवढंच करावं. कडा रडायला लागला तर आधी कड्यावर चढून पाहावं, वर काय आहे. डोळ्याला औषध लागतं तिथं औषधच घालावं. आणि आपल्याला खोटं वाटतं ते त्याच दिवशी, आपल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, खोटं आहे म्हणून सांगावं. ते माणूस देवाकडं बघत नसतं. आपल्याकडं बघत असतं.