सोनुबाईच्या भिंतीवरचा सिनेमा

पोपट गायकवाडला डॉक्युमेंटरीचं वेड लागलं ते कर्जतच्या टॉकीजमध्ये. मुख्य सिनेमाच्या आधी सरकारी माहितीपट लावत, आणि तेवढ्या वेळात अर्धं थिएटर विड्या ओढायला नाहीतर शेंगदाणे घ्यायला बाहेर जाई. पोपट मात्र खुर्ची सोडायचा नाही. धरण, पूर, देवीची लस, आसामचा चहा, काहीही दाखवा, हा डोळे फाडून बघणार. मुख्य सिनेमा लागला की त्याला पेंग येई. झाडाभोवती गाणं न म्हणणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांचाही सिनेमा होतो, ही गोष्ट त्याच्या डोक्यात जी शिरली ती पुन्हा निघाली नाही.

पोटासाठी तो कर्जत बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला होता. सुट्टी मिळाली की मुंबई गाठायची, तिथल्या फिल्म सोसायटीत शॉर्ट फिल्म बघायच्या, आणि खेळ संपला की तिथल्या एका कॅमेरामनचं डोकं खायचं. त्या भल्या माणसानं शेवटी हात टेकले. त्यानं पोपटला सोळा एमएमचा कॅमेरा चालवायला शिकवलं, आणि शूटिंगमधून उरलेले कोऱ्या फिल्मचे तुकडे तो त्याच्यासाठी बाजूला ठेवू लागला. त्या तुकड्यांवर स्वतःची एक फिल्म करायची, असं पोपटनं ठरवून टाकलं.

विषय शोधायला लांब जायची गरज नव्हती. त्याचं गाव कडावच्या अलीकडं, आणि गावाच्या कडेला त्यांची बौद्धवाडी. भिवपुरीच्या पॉवर हाउसात डोंगरावरून पाणी पडतं, त्याची वीज होते, ती तारांवरून मुंबईला जाते. खाली सुटलेलं पाणी कालव्यानं शेतांत येतं आणि त्यावर उन्हाळी भात पिकतं. गावात विजेचे खांब आले होते, पण शेवटचा खांब गावाच्या टोकाला चंद्राबाईच्या घराशी येऊन थांबला. तिच्या अंगणापुढं एक शेत, आणि शेतापलीकडं बौद्धवाडी. वाडीनं अर्ज केले, साहेब आले, चहा पिऊन गेले. छप्पन्न साली वाडीनं धर्म बदलला, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, पोरं शाळेत घातली. सगळं बदललं, अंधार तेवढा राहिला. पोपटला त्याची भयंकर चीड यायची.

तर पाणी, वीज, भात आणि हा अंधार, अशी दहा मिनिटांची मूक फिल्म करायची होती. कॅमेरा उसना मिळाला आणि पोपट वाडीत उभा राहिला. अडचण अशी झाली, की इतकी वर्षं प्रत्येकाच्या लग्नात फोटो काढताना "हलू नका!" म्हणून हाच ओरडत आला होता. आता त्यानं डोळ्याला कॅमेरा लावला रे लावला, की अख्खी वाडी जागच्या जागी थिजायची. चुलता बुधाजी कंदील हातात धरून, छाती काढून असा उभा राहिला की श्वास घेईना.

"काका, चाला की! ह्यो फोटो नाय, सिनेमा हाय!"

"चालीन, चालीन," ओठ न हलवता बुधाजी म्हणाला. "तू काढ आदी."

पोपटनं कपाळावर हात मारला आणि तसंच काढलं. भाताची लावणी मात्र झकास मिळाली, कारण वाकलेल्या बायकांना कॅमेरा दिसतच नव्हता. चंद्राबाईच्या शेतात चंद्राबाई आणि पोपटची चुलती सोनुबाई एकाच ओळीत रोपं लावत होत्या. आईवेगळ्या पोपटला सोनुबाईनंच वाढवलेलं. कंबर सरळ करत तिनं विचारलं, "ह्ये आमाला कवा दिसल रं?"

"सगळ्यात आदी तुलाच दाखवीन, काकी," पोपट बोलून गेला.

तो शब्द त्यानं मोडला. पुढच्या वर्षी फिल्म तयार झाली ती आधी मुंबईत सोसायटीत लागली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी चष्मा पुसत त्याचा हात हातात घेतला. पोपट खूश व्हायला हवा होता. परतताना त्याला सारखी सोनुबाई दिसत होती, आणि आपण चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्यानं सोसायटीचा प्रोजेक्टर एका दिवसासाठी मागून घेतला आणि पेटी उचलून गाव गाठलं.

गावात कळलं तसा चंद्राबाईचा मुलगा रामभाऊ पुढं झाला. रामभाऊ तेव्हा पंचायतीत होता. "शाळेत लाव. तितं करंट हाय. वाडीतल्या समद्यांनी यावं, आमी काय नको म्हनतो का?"

बोलणं चांगलंच होतं. पोपटही तयार झाला असता. पण सोनुबाईनं भाकरी थापता थापता साफ सांगितलं, "मी नाय येनार."

"का गं काकी?"

"पिक्चर कशाचा? आमच्या वाडीतल्या अंधाराचा. आनि बगायला उजेडात जायचं? माज्या दारात अंधार हाय, माज्या दारात दाखव. नाय जमत तर ऱ्हाऊ दे, तुज्या मुंबईवाल्यांनी बगितला, पावलं."

शेवटचं वाक्य पोपटच्या वर्मी लागलं. आता फिल्म लागेल तर वाडीतच, नाहीतर प्रोजेक्टर न उघडता परत जाईल, असं त्यानं मनाशी घट्ट केलं.

मग धावाधाव सुरू झाली. भाड्याचा जनरेटर लग्नसराईत कोण देणार? चंद्राबाईच्या घरातून वायर ओढावी, तर मधलं शेत लावणीसाठी पाण्यानं भरलेलं. त्यातून वायर टाकली तर पाण्यात करंट उतरून सिनेमा राहील बाजूला आणि वाडीवर रडायची पाळी येईल. बांधावरून फेरा घालून न्यावी, तर तेवढी वायर अख्ख्या गावात नव्हती. दुपार कलली तरी पोपट बांधावर बसून पाण्याकडं बघत होता. पलीकडं सोनुबाईच्या घराची भिंत दिसत होती, चुना लावलेली, पांढरीफेक. बघता बघता तो ताडकन उठला. वायर जात नाही ना, मग प्रोजेक्टर इकडंच राहू दे. उजेडाला कुठं वायर लागते?

तो धावतच चंद्राबाईच्या अंगणात गेला. रामभाऊनं ऐकून घेतलं आणि मान खाजवली. "फ्यूज उडंल. आनि उद्या गाव म्हनंल, रामभाऊनं वाडीला घरातनं करंट दिला."

"काय रं पोपट," चंद्राबाई सुपातून डोकं वर न काढता म्हणाली, "माजी लावनी हाय ना त्यात?"

"हाय की. तू आनि काकी, दोगी बी."

"मग माज्या घरातनंच लाव. गाव काय म्हनायचं ते मला म्हनंल. फ्यूजचं म्हनशील तर आमचे दिवे बंद करू."

अंधार पडला तशी चंद्राबाईनं घरातले सगळे बल्ब स्वतः मालवले. ओट्यावर टेबल, टेबलावर प्रोजेक्टर. पलीकडं वाडी भिंतीसमोर दाटीवाटीनं बसली होती, पण इकडून काही दिसत नव्हतं. पोपटनं स्विच दाबला. उजेडाचा झोत पाण्यावरून गेला आणि भिंतीवर जाऊन पडला. पलीकडून एकच गलका झाला.

"दिसतं का?" पोपट जिवाच्या आकांतानं ओरडला.

"धुकं हाय नुस्तं!"

त्यानं लेन्स फिरवली. "आता?"

"आता मानसावानी काय तरी हाय!"

"आता?"

"नाक दिसलं! थांब, थांब, हलवू नको!"

चित्र थोरलं होतं आणि जरा फिकं, पण होतं. बुधाजी कंदील घेऊन भिंतीएवढा उभा राहिला तशी वाडी हसून लोळली. "बुधाजी, हल की रं जरा!" कुणीतरी ओरडलं. मग लावणी लागली. सोनुबाई आणि चंद्राबाई शेजारी शेजारी वाकून रोपं खोचत मागं सरकत होत्या. चंद्राबाई अंगणाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. "सोनू, बगितलंस का गं?" तिनं हाक दिली.

"बगितलं! तुजी ओळ वाकडी हाय!" पलीकडून उत्तर आलं.

पोपट एकटाच खदखदून हसला. मुंबईच्या टाळ्यांनी जे झालं नव्हतं, ते आता झालं. फिल्म संपली, रिळाच्या शेपटाचा कोरा तुकडा सटकन निघून गेला आणि भिंत नुसती पांढरी झाली. प्रोजेक्टरचा बल्ब उसना होता, महागाचा होता, उगाच जाळू नको म्हणून सोसायटीवाल्यानं दोनदा बजावलं होतं. पोपटनं स्विचकडं हात नेला.

"पोपट, बंद करू नको!" सोनुबाईची हाक आली. "ऱ्हाऊ दे उजेड. आमची जेवनं व्हायची हायत."

त्यानं बघितलं. भिंतीवरून परतलेल्या उजेडात माणसं उठत होती. बायका घरांतून टोपली, तवे, ताटं बाहेर आणत होत्या. कुणी तांदूळ निवडायला बसली, बुधाजीनं पायातला काटा काढायला घेतला, दोन पोरांनी पुस्तकं उघडली. भिंतीलगत पंगत बसली आणि आपल्या ताटात काय आहे ते बघत वाडी जेवू लागली.

"आये, आमी बी जेवायचं हाय," मागून अंधारातून रामभाऊ म्हणाला. "मिशीन बंद कर म्हनावं. घरात डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना."

"फळीवर चिमनी हाय जुनी," चंद्राबाई म्हणाली. "ती लाव, आनि जेव गप."

पोपटनं स्विचवरचा हात काढून घेतला.