दादाचा शिक्का

बारा वाजायला पंचवीस मिनिटं होती आणि जागेच्या मालकीण उकिताआजींनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं होतं. जपानातल्या मोजी बंदरावरचं हे विटांचं जुनं दुकान मित्सुएला भाड्याने हवं म्हणजे हवंच होतं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या भटारखान्यात करी ढवळली, आता तिला स्वतःचं हॉटेल काढायचं होतं. पण बाराला दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. त्याला इमारत पाडून गाड्या लावायला जागा करायची होती, आणि आजींनी त्याला सांगून ठेवलं होतं, मित्सुएचा करार बाराच्या आत झाला नाही तर जागा तुमची.

भाडेकरार तयार होता. राहिला होता फक्त जामीनदाराचा शिक्का, सहीच्या जागी मारायचा, नगरपालिकेत नोंदवलेला. जामीनदार म्हणजे तिचा थोरला भाऊ तादाशी. तो शेजारीच गुडघे मुडपून बसला होता. त्याने डबी काढली, शिक्का लाल शाईत टेकवला आणि कागदावर दाबला.

आजींनी चष्मा लावला. शिक्का नोंदवल्याचा नगरपालिकेचा दाखला शेजारी ठेवून दोन्ही ठसे ताडून पाहिले.

"हा तो नव्हे. हा कुरिअर घेताना मारायचा. नोंदवलेला कुठाय?"

"अरेच्चा!" तादाशीने कपाळावर हात मारला. "घाईत भलतीच डबी उचलली बघा."

"मग जा की! घर दहा मिनिटांवर आहे," मित्सुए म्हणाली. "ऊठ ना दादा!"

तादाशी उठेना. "तुझ्या वहिनीने कपाट आवरलंय. आता कुठे सापडायचा तो..."

मित्सुए त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस एकतीस वर्षं नगरपालिकेच्या खिडकीत बसून लोकांचे शिक्केच जुळवत आला होता. केसाएवढा फरक दिसला तरी म्हाताऱ्याकोताऱ्यांना परत पाठवायचा. आणि हा डबी चुकला? कुणाला सांगतोय!

"तू मुद्दाम आणलास हा."

तादाशीने डबी मिटून खिशात टाकली.

"जामीन राहायचं नव्हतं, तर सांगायचं होतंस!"

"तुझ्या तोंडावर कसं सांगणार, मित्सु? 'बघू या' म्हणालो होतो ना? मला वाटलं, तुला कळेल."

"मला वाटलं, तू बघतोयस!" तिचा आवाज फाटला. "तीन आठवडे, दादा! तेव्हाच बोलला असतास तर हमी देणारी कंपनी गाठली असती मी. चार दिवसांचं काम होतं ते!"

तादाशीने आजींपुढे चटईला कपाळ टेकवलं. "चूक माझी आहे. हिला चार दिवस द्या. पाया पडतो."

"एवढं खाली वाकता येतं," आजी म्हणाल्या, "आणि एक शब्द सरळ बोलता आला नाही होय?" मग त्या मित्सुएकडे वळल्या. त्यांचा आवाज उतरला. "पोरी, मलाही वाईट वाटतंय. पण त्या माणसाला मी शब्द दिलाय."

बाराला पाच मिनिटं कमी असताना दारावरची घंटा वाजली. आजी उठल्या.

मित्सुएने करार उचलला, नीट घडी घातली आणि आजींना वाकून नमस्कार केला. तादाशी तिच्या मागोमाग दाराशी आला. "मित्सु, मी तुझ्यासाठी काय करू, सांग."

"पुढच्या वेळी," ती चपला घालत म्हणाली, "नाही म्हण."